फ्रिजमधली किल्ली

आम्ही उत्तरेत राहायचो तेव्हा ओळखीचा झालेला, सिनेमासाठी आवाज टिपणारा हा माणूस स्वतः मात्र फारसा बोलायचा नाही. तेलीबागेतलं त्याचं घर भर रस्त्यावर, म्हणून चपलांचे, डब्याच्या झाकणाचे आवाज रेकॉर्ड करायला तो आमच्या मानक नगरच्या शांत क्वार्टरमध्ये यायचा. आल्या आल्या पंखा बंद, फ्रिज बंद. त्याची घरघर माइकमध्ये येते म्हणे! एकदा फ्रिज परत सुरू करायला विसरला आणि माझं श्रीखंड नासलं. मी चांगलंच झापलं. तेव्हापासून तो स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवू लागला. "अब बिना फ्रिज खोले हम जा ही नहीं सकते, भाभीजी."

काम संपलं की तो मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करी. "हर घर की खामोशी अलग होती है," म्हणायचा. तेवढा वेळ मी शिंकसुद्धा दाबून धरायची.

आमची पुण्याला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत असताना तो आला. काम काहीच नव्हतं. रिकाम्या खोलीत माइक धरून म्हणाला, "भाभीजी, बस एक मिनट." सवयीनं खिशातून किल्ली काढली आणि फ्रिजच्या जागेकडे वळला. तिथे नुसती भिंत. मग किल्ली त्यानं माझ्या हातावर ठेवली.

मिनिट संपलं. वायर गुंडाळून, मान खाली घालून तो निघून गेला. किल्ली माझ्या मुठीतच. धावत बाहेर येऊन पाहते तर स्कूटर फाटकाशी उभी, आणि तो पायीच कोपऱ्यावर वळत होता.