फादरचा हुकूम आणि आमचा ओटा

आता काय सांगू तुम्हाला, माझी अशी फजिती झाली की अजूनही बालाघाटात आमच्या वॉर्डातले लोक मला पाहून हसतात! पण चूक माझी होती का? तुम्हीच सांगा.

बायको, म्हणजे सुमन, पार्षदाच्या, तुमच्याकडच्या नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभी होती. आमच्या समाजाची बैठक झाली, अध्यक्षांनी तिचं नाव घेतलं, सगळ्यांनी नारळाला हात लावला. मतं पक्की! आमच्याकडे असंच चालतं. राहिली चर्चमागची घरं. मी म्हटलं, तिथं तर आणखी सोपं. वर पोप, मधे फादर, खाली मतदार!

"फादर, रविवारी सुमनचं नाव सांगून द्या न सगळ्याले."

"नाही गुरुजी. मत कोणाले द्यायचं, हे चर्च नाही सांगत. पोपची शिकवणच तशी हाये. राज्याचं काम राज्याचं, चर्चचं चर्चचं. ज्यानं त्यानं सगळ्याचं भलं पाहून, आपल्या विवेकानं मत द्यावं."

"पहिलेपासून असंच हाये का?"

"नाही. जुन्या काळच्या पोपले हे धर्माहून वेगळं नवं राज्य पटत नव्हतं. राज्यानं धर्माचं ऐकावं, म्हणत. मंग शिकवण पुढं गेली."

"मंग ते जुनेच पोप बरे होते की!"

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस मी! धर्म वेगळा, राज्य वेगळं, हे फळ्यावर लिहून हात दुखले. पण ते परीक्षेपुरतं हो!

फादर हसले. "रविवारी मी हेच बोलणार हावो. वहिनीले घेऊन या."

मला वाटलं, जमलं! आमचे अध्यक्षही आधी नाहीच म्हणतात. मी वॉर्डभर सांगत सुटलो, चर्चची मतं आपल्या खिशात!

रविवारी पहिल्या बाकावर बसलो. फादर म्हणाले, "मत कोणाले द्यायचं, हे मले विचारू नका. उमेदवाराले विचारा, वॉर्डाच्या भल्यासाठी काय करणार." अरे, पाहुण्याला बोलावून हा अपमान? माझं डोकंच फिरलं!

बाहेर अंगणात नर्स मेरीबाईंनी लगेच विचारलं, "सुमनताई, आमच्या गल्लीत नालीचं पाणी काहून तुंबते?"

मी भाषणासाठी घसा साफ केला. तेवढ्यात सुमन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आमच्या यायनं नालीवर ओटा बांधला न, म्हणून."

"सुमन!"

"काय सुमन? फादर काय म्हणले, आयकलं नाही का?"

सुमन निवडून आली. चर्चमागच्या घरांनी भरभरून मतं दिली, तीही कोणाच्या हुकमाशिवाय! आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझा ओटा फोडायला लावला. मी संतापून नगरपालिकेत लेखी तक्रार दिली. ती फिरत फिरत पार्षदाकडेच आली.

तिनं कागद वाचला, घडी करून माझ्या हातात दिला. "हे राज्याचं काम हाये, यात तुम्ही पडू नका. घरचं काम करा. जा, चहा ठेवा."

कसा झालाय? साखर कमी असेल तर सांगा, घालून आणतो.