कोथळीची ग्रेड

मधुसूदन सगदेवांनी उभा जन्म दुसऱ्याच्या मालातला डाग शोधण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर पहिलाच डाग स्वतः पाडला, तोही दुसऱ्याच्या मालावर. तांड्यावरच्या भावसिंगाची कोथळी त्यांनी ऊन पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजत घातली आणि चहा घ्यायला आत गेले. परत येऊन बघतात तो बादलीत कुंकू कालवल्यासारखं पाणी. कोथळीचं लाल कापड विटलं होतं आणि त्याचा सगळा रंग पांढऱ्या-पिवळ्या टाक्यांनी पिऊन घेतला होता.

कोथळी म्हणजे बंजारा तांड्यावरच्या बायका भरतकाम करून शिवतात ती लहान पिशवी. लग्नात तिच्यात सुपारी ठेवायची, एरवी पेटीत जपायची. ही भावसिंगाच्या आईच्या हातची होती आणि आई जाऊन बराच काळ लोटला होता. बोरी अरब गावच्या बाजारात जुनं भरतकाम विकत घेणारा एक फेरीवाला बसायचा. भावसिंग त्याच्यासमोर कोथळी काढत होता आणि पुन्हा खिशात घालत होता. सगदेवांनी ते पाहिलं आणि पुढच्या बाजारी परत देण्याच्या बोलीवर नमुना उतरवायला मागितली. भावसिंगाने लगेच दिली. "घरी सांगतो, साएबानं नेली म्हून विकता नाई आली," असंही वर म्हणाला.

साहेब म्हणजे कसले, तर गावाबाहेरच्या कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर. गाडीतल्या ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस बोटांनी ओढून बघायचा आणि एक शब्द उच्चारायचा: सुपर, फेअर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे डागी, किडका, सगळ्यात खालचा. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष. त्यामुळे हंगामात जो भेटेल तो समोरून नमस्कार घालायचा. पाठीमागून काय घालायचा, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भरतकामाचा छंद खरं तर त्यांच्या पत्नीचा, कुंदाताईंचा. कुणाच्या आजीची चोळी, कुणाच्या पणजीची चंची, असलं जुनं काम दारोदार मागून आणायचं, टाके मोजून चौकटीच्या कागदावर उतरवायचं आणि तसंच्या तसं पुन्हा भरायचं. कुंदाताई गेल्या, दोऱ्यांचा डबा राहिला. एका रिकाम्या दुपारी सगदेवांनी तो उघडला आणि माणूस सुईत अडकला. नागपूरची लेक गौरी फोनवर म्हणायची, "बाबा, आता दारावर पाटी लावाच. फॉल-पिको करून मिळेल."

"लावली असती," सगदेव म्हणायचे, "पण येणार कोण?"

हे मात्र गमतीतलं नव्हतं. ती वर्षंच वाईट होती. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, पेपरात रोज कुठल्या तरी ओळखीच्या गावाचं नाव यायचं. खरेदी केंद्र उशिरा उघडू लागलं, लवकर मिटू लागलं आणि सगदेव निवृत्त झाले त्याच सुमारास फाटकाला कुलूप लागलं. कुलूप लागलेल्या फाटकाच्या ग्रेडरला कोण नमस्कार करतो? ते टपरीवर गेले की कुणी उठून जायचं नाही, कुणी भांडायचं नाही, फक्त चाललेलं बोलणं थांबायचं. सगदेवांनी टपरी सोडली. मग दुपारभर घरात ते आणि घड्याळ, दोघंच. त्यातलं बोलायचं ते घड्याळ.

बाजाराचा दिवस उजाडला. सगदेवांनी दाराला आतून कडी घातली.

"साएब! दार काहून लावून बसले? मी काय चोर हाय?"

कडी काढावी लागली. सगदेवांनी कोथळी पुढे केली. भावसिंगाने ती उलटीपालटी केली, उजेडात धरली, टाक्यावरून अंगठा फिरवला. ते बघणं सगदेवांना फार ओळखीचं वाटलं.

"डाग लागला."

"हो. चुकलं माझं."

"डागी माल म्हणजे कवडी." त्याने कोथळी त्यांच्या हातावर टाकली. "याद हाय काय? माह्या गाडीले तुमी हेच म्हणलं होतं. एका कोपऱ्याले पाणी लागलं होतं, अन् तुमचा हात नेमका त्याच कोपऱ्यात."

सगदेवांना आठवेना. गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत असायची. पण आपल्याला आठवत नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

"मंग आता अशीच नवी करून द्या," भावसिंग म्हणाला. "मी येतो दर बाजारी. ग्रेड मी लावीन."

आणि तो खरंच येऊ लागला. पिशवीत वांगी-मिरच्या, डोक्याला फेटा. चपला बाहेर काढून खुर्ची सोडून उंबऱ्याशी बसायचा आणि माल मागायचा. पहिल्या बाजारी म्हणाला, "कवडी. याडीचा टाका असा फुगे नाई." याडी म्हणजे त्याची आई. सगदेवांनी सगळं उसवलं. दुसऱ्या बाजारी पुन्हा कवडी. सगदेव चिडले.

"तुम्हाला सुई तरी धरता येते का हो, भावसिंग?"

"नाई येत. तुमाले कापूस पेरता येत होता काय?"

यावर सगदेव असे हसले, की शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या. त्या घरातून हसणं ऐकू येऊन त्यांनाही काळ झाला होता.

मग चहा आला. याडीच्या गोष्टी आल्या: पळसाखाली बसून भरायची, सुई बोचली की सुईलाच शिव्या द्यायची, आरसा लावताना कुणाला बोलू द्यायची नाही. सगदेवांनी कुंदाताईंच्या सांगितल्या. हळूहळू माल कवडीवरून फेअरवर आला. बाजाराच्या दिवशी सगदेव सकाळीच दाढी करून बसू लागले.

एकदा किनार अशी उतरली, की जुन्या कोथळीशेजारी ठेवली तर जुनी डागावरूनच ओळखावी. भावसिंग बराच वेळ बघत राहिला. सगदेव मनात हिशेब करू लागले: सुपर म्हणाला की काम संपलं, काम संपलं की हा कशाला येतोय?

"फेअर," भावसिंग म्हणाला.

"का? खोट काय आहे?"

"हाय."

"कुठे आहे?"

"हाय म्हणलं ना. पुढच्या बाजारी सांगतो."

हाताला काही सापडलं नाही तरी तोंड ग्रेड पाडतंय, हे ग्रेडरला कळणार नाही तर कुणाला? सगदेव मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिले. भावसिंग फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी ती चांगली किनार आनंदाने उसवली.

दिवाळीनंतर भावसिंग भलत्याच दिवशी आला. त्याचा मुलगा धनसिंग पुण्याला एका बिल्डिंगवर चौकीदार लागला होता. शेत ठोक्याने कसायला दिलं होतं. सगळेच निघाले होते.

"तुम्ही तिकडे काय करणार?"

"नातू सांभाळीन. लिफ्टमंदी बसून वर जाईन, खाली येईन."

त्याने खिशातून पुडी काढली. कोथळीच्या चार कोपऱ्यांना चार गोंडे, प्रत्येकाला एक कवडी. याडीच्या पेटीतल्या कवड्या होत्या, पण पुडीत निघाल्या तीनच.

"चवथी पेटीतच कुठी तरी पडली. सापडली नाई."

सगदेवांनी तिन्ही त्याच्यासमोरच गोंड्यांना शिवल्या. भावसिंगाने कोथळी उजेडात धरली.

"फेअरच," तो म्हणाला, पण या वेळी त्याने वर पाहिलं नाही. "एक कवडी तुमची माह्याकडं बाकी. आणून देतो, मंग पाहू सुपरचं."

"घेऊन तर जा."

"अर्धा माल कोण उचलते, साएब?" म्हणत त्याने डागी कोथळी खिशात घातली आणि नवी उंबऱ्यावर ठेवली.

त्यानंतर बरेच बाजार भरले आणि उठले. गौरी फोनवर म्हणाली, "बाबा, कवड्या पूजेच्या दुकानात पसाभर मिळतात. पाठवू का?"

"नको," सगदेव म्हणाले. "ते भावसिंगाकडचं येणं आहे."

कोथळी दारामागच्या खिळ्याला आहे. चौथ्या गोंड्याचा दोरा त्यांनी कापलेला नाही, तो सुईसकट लोंबतो. आणि बाजाराच्या दिवशी, सवय म्हणून म्हणा, सगदेव अजून सकाळीच दाढी करतात.