तुळजापूरला गाडी थांबते

बायकोनं नवऱ्याच्या मागून चालायचं, असं सासरी कुणी मला तोंडानं सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा उमरग्याच्या बाजारात गेलो तेव्हा हे पुढं आणि मी मागं असं जे अंतर पडलं, ते पडलंच. हे एस.टी.त कंडक्टर होते. हलत्या गाडीत बिनआधाराचं उभं राहायची सवय, त्यामुळं पक्क्या रस्त्यावर तर तरातरा सुटायचे. मी पिशव्या घेऊन मागं. "अहो, जरा दमानं," म्हटलं की वळून न बघता "चला, चला, पुढं सरका" म्हणायचे. मला असा राग यायचा, की पिशवी तिथंच ठेवून माहेरच्या गाडीत बसावं. माहेरची गाडीही यांच्याच डेपोतून सुटायची, हा भाग वेगळा.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी यांना अटॅक आला. सोलापूरला नेलं, स्प्रिंग टाकली, घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण एकट्यानं नको. म्हणून आम्ही गावातल्या फिरणाऱ्यांच्या गटात गेलो. सकाळी सगळे हायवेच्या अलीकडं जमायचे, तिथून शेताच्या कडेनं तळ्याच्या बांधावर आणि परत. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले एक सर पुढं असायचे. शिट्टी त्यांनी अजून सोडलेली नव्हती.

आता आमच्यातली गंमत अशी झाली, की यांचा वेग गेला आणि माझा तसाच राहिला. यांच्या मागं राहायचं तर मला पाय मोजूनमापून टाकावे लागायचे. गटातल्या बायका हसायच्या. एक म्हणाली, "काकू, वरातीत चालल्यागत काय चाललाय? जावा की पुढं." मी हसण्यावारी न्यायची. पण मागं राहण्याला आता कारण होतं. मागून मला सगळं दिसायचं. मान किती घामेजली, डावा खांदा उतरला का, हात छातीकडं जातोय का. जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या रुमालाच्या टोकाला बांधलेली असायची. हे कधी कोसळले तर मला दिसायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, यांना तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात सरांनी टूम काढली, की कोकणात जाऊन समुद्राच्या काठानं चालायचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सपाटीवर सावकाश चाला, हरकत नाही. मग काय, एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. बायकांनी दशम्या, शेंगाचटणी एवढी बांधून घेतली, की समुद्राकाठी दुकानच टाकायचं असावं.

सकाळी आम्ही किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पाणी लांब होतं. ओली, घट्ट वाळू, आपल्या बांधापेक्षा चालायला सोपी. सरांनी बेत सांगितला. वाळूवरून चालत जायचं, मध्ये समुद्रात घुसलेली खडकाची सोंड आहे, तिला वळसा घालून पलीकडच्या गावात जेवायचं, आणि आल्या वाटेनं परत. कुणाला काही शंका आली नाही. आमच्याकडं सकाळी पाहिलेली वाट दुपारी तिथंच असते.

जेवणं लांबली. परतताना सोंडेपाशी आलो तर वाट नव्हतीच. सकाळी जिथून गेलो तिथं पाणी खडकाला धडका देत होतं. आभाळ निरभ्र, पावसाचा पत्ता नाही. मग यांनीच तोंड उघडलं, "वर कुठंतरी धरण सोडलं असंल." सगळ्यांना ते एकदम पटलं. सरसुद्धा म्हणाले, "व्हय, सोडताना भोंगा तरी वाजवायचा की."

जवळच एक बाई मासळी वाळवत बसली होती. ती इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले. "धरण कसलं? भरती आहे ती. रोजचीच. संध्याकाळनंतर उतरेल." मग तिनं खडकावरून जाणारी पायवाट दाखवली. वाट पाण्यापासून चांगली उंच होती, धोक्याची नव्हती, पण अरुंद. एका वेळी एकच माणूस जाईल अशी, आणि सुरुवातीला चढ.

चढ बघून मी म्हटलं, "आपण गावात जाऊन रिक्षा करू, रस्त्यानं फिरून येऊ."

"रिक्षानं फिरायला एवढ्या लांब आलो का?" हे म्हणाले. "सावकाश जाऊ. बाकीच्यांना होऊ द्या पुढं."

बाकीचे गेले. शेवटी आम्ही दोघंच राहिलो. मी नेहमीसारखी यांच्या मागं उभी राहिले. हे दोन पावलं चढले आणि थांबले. मान वळवली नाही. म्हणाले, "तू हो पुढं."

"का?"

"सांगितलं की, हो पुढं."

"मी मागंच बरी."

तेव्हा हे वळले. चेहरा चिडलेला नव्हता, दमलेला होता. "वर्ष झालं तू माझ्या पाठीकडं बघत चालतीस. मला कळत न्हाय व्हय? आता पडतोय का मग पडतोय, असं बघतीस. पाय उचलायच्या आधी तुझी भीतीच उचलावी लागतीय मला."

एवढं मोठं वाक्य यांनी संसारात कधी बोललेलं मला आठवत नाही. लाज वाटली आणि रागही आला. भीती काय हौसेनं वाटते का माणसाला? मी म्हटलं, "मी पुढं गेल्यावर तुम्ही कसे आहात ते मला कळायचं कसं?"

हे म्हणाले, "बोलत राहतो की मी."

अंग चोरून मी त्यांच्या बाजूनं पुढं झाले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यापुढं यांची पाठ नव्हती. नुसती वाट होती, आणि खाली पाणी. वळून बघायचं नाही असं ठरवलं, पण मानेला रग लागली. मागून काहीच आवाज येईना. मी रुमालाची गाठ चाचपली.

"उमरगा," मागून आवाज आला.

मी थांबले. "काय?"

"चल, चल, पुढं सरक. काय बोलायचं ते सुचंना, म्हणून गाडी सोडली."

मी चालू लागले. मागून दमलेला, पण स्वच्छ आवाज येत राहिला. दाळिंब. येणेगूर. यांची कायमची लाईन होती ती, उमरगा ते उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. प्रत्येक नावानंतर चार पावलं, मग श्वास, मग पुढचं नाव. जळकोट. नळदुर्ग आलं तेव्हा आवाज बारीक झाला होता. मग बराच वेळ काहीच आलं नाही. खाली लाटांचा आवाज, त्यात यांचे पायही ऐकू येईनात.

मी वळले. हे एका खडकाला टेकून उभे होते. हात छातीवर नव्हता, कमरेवर होता.

"तुळजापूर," हे म्हणाले. "गाडी इथं धा मिनिटं थांबंल. चहापाणी करून घ्या."

मला रडू फुटलं. यांनी हाताला धरून मला शेजारी बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. बसल्यावर मी समुद्राकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर सकाळपासून मी फक्त यांचा शर्ट बघितला होता.

त्याला आता वर्ष होत आलं. तळ्याच्या बांधावर मी पुढं असते आणि हे मागून थांबे पुकारत येतात. पलीकडच्या टोकाला लिंबाचं झाड आहे, तिथं तुळजापूर येतं, तिथं आम्ही बसतो. परतताना गाडी पुन्हा उमरग्यापासून सुटते. शेवटच्या थांब्याचं नाव हे घेत नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. परवा लिंबाखाली बसल्यावर मी विचारलं, "अहो, रोज तुळजापूरलाच थांबता. धाराशिव कधी येणार?"

हे बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला घाई हाय का?"

मी नाही म्हटलं. मग उठलो, आणि मी पुढं झाले.