गाडीचा आवाज काढणारे काका

आमच्या मोठ्या काकांसारखा गाडीच्या दुखण्याचा जाणकार नांदेडात दुसरा नसेल, आणि पुतणीला त्यांच्याइतकी लाज आणणारा माणूस तर अख्ख्या मराठवाड्यात नसेल. गाडीचं दुखणं शब्दांत सांगता येत नाही, ते तोंडानं काढूनच दाखवावं लागतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. थंडीत कुणाची गाडी सुरू झाली नाही की काका माकडटोपी घालून गल्लीत उभे राहतात, देगलूरच्या जुन्या मिस्त्रीला फोन लावतात, तो स्पीकरवर टाकतात आणि स्वतःच सुरू होतात. डिझेल पोचत नसेल तर लांबलचक 'घुर्रर्र' आणि शेवटी 'फुस्स'. हीटर प्लग गेला असेल तर खोकला, तोही जीपचा निराळा आणि कारचा निराळा. पलीकडून मिस्त्री गंभीरपणे म्हणतो, "पुन्हा एकदा, साहेब, जरा दमानं." मी शाळेत होते तेव्हा माझी बस नेमकी त्याच वेळी यायची. इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणी काचांना नाक लावून बघायच्या आणि मी दप्तरात तोंड खुपसून बसायचे.

गेल्या हिवाळ्यात लातूरची मंडळी मला बघायला आली आणि रात्री आमच्याच गल्लीत त्यांच्या नातेवाइकांकडे राहिली. मुलगा मला आवडला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी निघताना त्यांची गाडी सुरू होईना. काका झोपलेले असू देत, अशी मी प्रार्थना केली, तोवर ते अर्ध्या दाढीचा फेस गालावर घेऊन पोचलेही होते. पुन्हा चावी फिरवू द्यायला ते तयार नव्हते. थंडीत बॅटरीचा जीव जातो म्हणे. त्यांनी मुलाच्या वडिलांनाच आवाज काढून दाखवायला सांगितलं. वडील म्हणाले, सुरू होत नाही, एवढंच.

"असं कसं, पावनं? लाजू नका, आपलीच गल्ली हाय."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. मग काकांनीच मिस्त्रीला फोन लावून स्पीकरवर टाकला, घुर्रर्र, फुस्स, खोकला असे एकेक नमुने दाखवायला घेतले आणि पाहुणे प्रत्येकाला नकारार्थी मान हलवत राहिले. हे एकदाचं संपावं म्हणून फाटकात उभ्या माझ्याच तोंडून निघालं, "टक्, टक्, टक्." खिडकीतून मी तो आवाज ऐकला होता.

"शाबास," फोनमधून मिस्त्री म्हणाला. "बॅटरीचं टर्मिनल ढिलं हाय."

गरम पाणी ओतून टर्मिनल आवळलं, गाडी सुरू झाली, मंडळी गेली. काही दिवसांनी निरोप आला, मुलगी जरा जास्तच मोकळी वाटली. शाळेत हजेरीला जिचं 'येस' बाईंना कधी ऐकू गेलं नाही, ती मी.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. मला त्यांना सांगायचं होतं की तो आवाज माझा होता, दोष त्यांचा नव्हता, आणि तो हुबेहूब आला याचं मला आतून बरंही वाटलं होतं. पण असलं काही मला बोलता येत नाही.

या हिवाळ्यात एका सकाळी आमचीच गाडी अडली. काका फोनवर अगदी शुद्ध भाषेत, खालच्या आवाजात सांगत होते की वाहन सुरू होण्यास विलंब करत आहे. मिस्त्री गोंधळला. "साहेब, कायबी समजून न्हाई राहिलं. आवाज काढा की."

काकांनी वळून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

"नको, मिस्त्री. घरात लग्नाची मुलगी हाय."