शिंगे मोजून घेतलेला राउटर

स्वस्तातला कोणता राउटर व्हीपीएनचा वेग राखतो, हा माझा प्रश्न होता. माहिती कूटलिपीत बदलून नेणारी ही जोडणी अडखळली, तर वाशीमच्या घरातून काम करणाऱ्या मुलीला पुण्याला परतावे लागणार होते. शिक्षकी सवयीने मी दुकानातल्या प्रत्येक राउटरला अँटेनांइतके गुण दिले.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, बैल घेतानी दात पायतेत, शिंगं नाई मोजत."

तरी मी सहा अँटेनांचाच, ठरवल्यापेक्षा महागडा, आणला. व्हीपीएन राउटरवर चालवले, तेव्हा वेग घसरला; मुलीच्या लॅपटॉपवर चालवले, तेव्हा सुधारला. कूटलिपीचे ओझे राउटरच्या प्रोसेसरला पेलत नसावे. मुलगी इथेच राहिली. मग महागडा राउटर हवाच होता का, हे मला अजून उमगलेले नाही. खरेदीपूर्वी दोन्ही प्रकारे वेग स्वतः मोजून पाहावा, ही विनंती.