शिष्यवृत्ती घ्यायला स्टेजवर या

आमच्या रायपूरच्या मराठी समाजाच्या न्यासाचं निमंत्रण दरवर्षी येतं आणि दरवर्षी मी ते न उघडता रद्दीत टाकते. आत काय लिहिलंय ते मला पाठ आहे. माझ्या आईच्या नावाची शिष्यवृत्ती, अमुक मंत्र्यांच्या शुभहस्ते, नंतर भोजन. आईचं नाव मीच त्यांच्या हवाली केलं, त्यामुळे बोंब मारायचीही सोय नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि मी शाळेतून निवृत्त झाले होते. आईला शिकायचं होतं, घरच्यांनी शिकू दिलं नाही. तिच्या नावाने एखादी मुलगी शिकावी एवढंच माझ्या मनात होतं. मुलगीही डोळ्यासमोर होती. बुढापारा वस्तीतल्या माझ्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईची थोरली. बाई मूळची यवतमाळकडची, नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात छाती खराब करून घरी बसलेला. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायला काही नव्हतं.

मी सरळ पैसे पुढे केले, तर बाईने हात मागे घेतला.

"तुमच्याकडून घेतले तर उपकार होते, बाई. उद्या पोळीवरून तुम्ही बोलल्या तर मले उलटून बोलता येईन का? समाजाकडून भेटले तर घेईन. आम्ही बी समाजातलेच आहो ना."

मला ते मनापासून पटलं. मी न्यासाच्या अध्यक्षांकडे गेले.

हे गृहस्थ सरकारी नोकरीतून मोकळे झालेले आणि तेव्हापासून माइक न सोडलेले. "ताई, तुम्ही फक्त पैसे द्या, बाकी आम्ही पाहून घेतो," म्हणाले. मी एकच अट घातली. मुलीला स्टेजवर बोलवायचं नाही. कारण आमच्याकडची पद्धत मी वर्षानुवर्षं बघत आले होते. गणपतीत सगळा समाज जमला की शिष्यवृत्तीची मुलं एकेक करून वर बोलवायची, त्यांच्या घरची परिस्थिती माइकवरून वाचायची, मुलगी असेल तर अध्यक्षीणबाईंनी तिची ओटी भरायची, मग फोटो. परिस्थिती! कुणाचा बाप पितो आणि कुणाची आई भांडी घासते, हे आरतीनंतर साऱ्या हॉलला ऐकवायचं आणि त्याला समाजकार्य म्हणायचं. पोरीने मला आधीच बजावलं होतं, "आंटी, स्टेज पे नहीं जाऊँगी. मेरी क्लास की लड़कियाँ रहती हैं वहाँ."

अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

पण राजधानी झाल्यापासून आमच्या मंडळींना मंत्र्याशिवाय आरतीसुद्धा गोड लागेना. एक मंत्री यायला कबूल झाले आणि अध्यक्षांचा शब्द गेला उडत. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी हॉलमध्ये शिरले, तर पोरगी पहिल्या रांगेत, आईची साडी नेसून बसलेली. तिला फक्त सही करायला बोलावलं होतं. आई मागच्या अंगणात पंगतीचा मसालेभात करत होती, कारण हे कामही तिलाच दिलेलं, समाजाचं म्हणून कमी मजुरीत.

मी अध्यक्षांना गाठलं.

"ताई, मंत्री येऊन राहिले. त्यांच्या हाताने काय देऊ, नारळ? पोट्टी दोन मिनिटं उभी राहिली तर झिजते का? अन् पटत नसन तर पैसे घेऊन जा. मंग फी कोन भरते ते पाहा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं की मी पैसे परत घेणार नाही. मी पोरीजवळ जाऊन म्हटलं, चल, घरी जाऊ. ती म्हणाली, "और फीस?" नाव पुकारलं गेलं आणि ती उठून वर गेली.

ओटी भरली गेली. मंत्री घड्याळ बघत होते. अध्यक्ष गळा भरून आल्यासारखं वाचू लागले, "वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारं कोणी नाही..."

कर्णा अंगणातही लावला होता. बाई हातात झारा घेऊन आली, तेव्हा लोकांना वाटलं भात झाला. ती सरळ स्टेजवर चढली.

"घरात कमावनारं कोनी नाही म्हनता? मंग मांगं तुमचा भात कोन शिजवून राहिलं?"

तिने पोरीच्या पदरातले तांदूळ आणि नारळ मंत्र्यांपुढच्या टेबलावर ओतले, तिचा हात धरला आणि हॉलमधून निघून गेली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन तिच्या खोलीवर गेले, अक्षरशः हात जोडले. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "आता कोनाचेच नको, बाई." पोरगी दाराशी उभी होती. महिनाभरात ती बीरगांवच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि अजून तिथेच आहे. शिष्यवृत्तीवरून माझ्या आईचं नाव काढा म्हणून मी भांडले, तर ते आता निघत नाही म्हणतात.

बाईची त्या संध्याकाळची मजुरी मागायलाही मीच गेले होते. अध्यक्षांनी दिली नाही. भात करपला होता म्हणे.