साहेबांसाठी जुनं हॉटेल

मोठ्या साहेबांना बीडमध्ये जुन्या वळणाचं हॉटेल पाहिजे होतं. सरकारी विश्रामगृह दुष्काळी दौऱ्यावरच्या पुढाऱ्यांनी भरलेलं. बसस्टँडजवळच्या लॉजचं नाव काढलं तर साहेब फोनवर म्हणाले, ती गुळगुळीत फरशांची खुराडी नकोत, निजामाच्या वेळचं काही असेल तर बघा. आवड एकेकाची. इकडं नेकनूरच्या बाजूला आमच्या गावात जनावरं बाजाराच्या वाटेला लागलेली, आणि ह्यांना खिडक्यांना कमानी पाहिजेत!

पण नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. ती पुढं चालू ठेवायची की बंद करायची, हे साहेब बघून ठरवणार होते. मी संस्थेची सचिव, आणि छावणीत माझ्या आईची म्हैस बांधलेली. घरात तेवढंच एक दुभतं. छावणी बंद झाली की ती मातीमोल जाणार, हे आईला नीट कळत होतं. ती दिवसभर म्हशीजवळच बसून असायची.

हॉटेल शोधायचं काम संस्थेच्या चेअरमननी माझ्यावर टाकलं. हे गावातले मोठे जमीनदार, बोलायला गोड. आमचं घर बौद्धांचं. आमच्या म्हशीचं दूध संस्थेच्या कॅनमध्ये सगळ्यांच्या दुधात मिसळायचं, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण चेअरमनच्या दारात आईला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. तांब्या कधी तिच्या हातात दिला नाही. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मला आतून आग लागायची, पण बोलत कुणीच नव्हतं.

मी बीड पालथं घातलं. एका लॉजवाल्यानं नव्या कोऱ्या भिंतीवर बैलगाडीचं चाक ठोकलं होतं आणि मला म्हणे, बघा, जुना काळ! दुसऱ्याकडं सनमायकाचे खांब. मी कपाळाला हात लावला. शेवटी जुन्या गावातल्या एका गल्लीत मनासारखी जागा सापडली. उंच छत, झिजलेला सागवानी जिना, लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या, आणि दगडी न्हाणीघरात एवढं मोठं तांब्याचं घंगाळ. मालक म्हातारे, अदबशीर. त्यांनी अंगणातला आड दाखवला. तळाला नुसता गाळ. म्हणाले, खोली साहेबांची, पण पाणी दोन बादल्या, गल्लीत सगळ्यांना तेवढंच.

मी हे चेअरमनना सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला.

"दोन बादल्यांत साहेबाची अंघोळ?" ते म्हणाले. "गावाचं नाक कापायचं हाय का?"

त्यांनी ठरवलं की छावणीचा टँकर सकाळी आधी हॉटेलवर जाईल आणि मग जनावरांकडं येईल. मी म्हणाले, साहेब सकाळीच छावणी बघायला येणार, हौद कोरडा दिसला तर? ते म्हणाले, तुला हॉटेल शोधायला सांगितलं होतं, ते झालं. साहेब खूश तर छावणी पक्की. ह्या माणसापुढं डोकं आपटून काही उपयोग नव्हता.

सकाळी पहिल्या एसटीनं मी साहेबांना आणायला गेले. टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि भोवती बायांचा गराडा. हॉटेलची टाकी भरली, घंगाळ भरलं, उरलेलं घागरी-कळशांत गेलं. कोरड्या घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायांना नाही कोण म्हणणार? ड्रायव्हर पुन्हा भरायला पालीच्या तलावाकडं गेला. तिथं टँकरची रांग असायची. मोबाईल यायच्या आधीचे दिवस, तो कुठं अडकला हे कळायला मार्ग नव्हता.

साहेब ताजेतवाने होऊन खाली आले, केस ओले. जीपमध्ये मला सांगत होते की अशी अंघोळ लहानपणी आजोळी केली होती, त्यानंतर आजच. मी हो हो करत होते. रस्त्यावर पुढून येणारी प्रत्येक मोठी गाडी मला टँकरच वाटत होती.

छावणीत हौद ठणठणीत कोरडा. म्हशी तळाचं शेवाळलेलं सिमेंट चाटत होत्या, आईची म्हैसही. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, पाण्याची सोय नसेल तर छावणी चालू ठेवता येणार नाही. त्यांनी पेन काढलं. चेअरमन टँकर येतोय, टँकर येतोय एवढंच म्हणत राहिले. आई माझ्याकडं बघत होती. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"साहेब, आजचं पाणी तुमच्या अंघोळीला गेलतं," मी म्हणाले. "घंगाळात होतं ते."

साहेबांचा हात ओल्या केसांकडं गेला. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टँकरची वाट बघत कडब्याच्या पेंढीवर बसले. त्यांना पुढं वडवणीला जायचं होतं, जीपचा ड्रायव्हर दोनदा आठवण करून गेला. ते उठले नाहीत, चहाही घेतला नाही. चेअरमन माझ्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाले, छावणी गेली तर गावाला तोंड तूच दाखव. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर मी रडणार नव्हते.

ऊन चांगलं तापल्यावर टँकर आला. पाईप हौदात पडायच्या आत चेअरमननी धारेखाली तांब्या धरला आणि धावत साहेबांपुढं नेला. खोड जाते कुठं!

"आधी जनावरं," साहेब म्हणाले.

चेअरमन भरला तांब्या घेऊन तसेच मधे उभे. साहेबांनी कागद मांडीवर घेतला आणि छावणी चालू ठेवायची सही केली. आई उठली, पदर खोचला आणि चेअरमनपुढं गेली.

"आणा हिकडं," ती म्हणाली.

तिनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हशीच्या तोंडापुढं हौदात ओतला. मग रिकामा तांब्या परत त्यांच्यापुढं धरला. त्यांनी एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, आणि तो तिच्या हातातून घेतला.